पहिला कृष्णवर्णीय वर्ल्ड चॅम्पियन पैलवान नक्की कोण? १९६२, १९६३ की १९९२?

शिवडीचा मामा

मंडळी, एक प्रश्न आहे, कुस्तीचं जुनं माहीत असलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

माझा भाचा सातवीत आहे, डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे त्याचा जीव की प्राण. रविवारी जेवताना विचारतो, मामा, पहिला ब्लॅक वर्ल्ड चॅम्पियन कोण? मी बोललो रॉक, कारण आमच्या वेळेला केबलवर त्यालाच बघितलेलं आणि त्याचे वडील रॉकी जॉन्सन कृष्णवर्णीय, आई सामोअन, हे मला माहीत होतं. भाचा बोलला नाही मामा, रॉक १९९८ ला झाला, त्याच्या आधी रॉन सिमन्स आहे १९९२. मग जेवण झाल्यावर दोघं मोबाईल घेऊन बसलो तर एका ठिकाणी लिहिलंय बोबो ब्राझील १९६२, दुसरीकडे बेअरकॅट राईट १९६३, तिसरीकडे परत सिमन्सच. आता पहिला म्हणजे एकच असतो ना, तीन कसे?

आमचे बाबा गिरणीत होते, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या फ्रीस्टाईल कुस्त्या बघितलेत त्यांनी, किंगकाँग पैलवानाचं नाव काढलं की आजही खुर्चीत सरळ होऊन बसतात. पण बोबो ब्राझील हे नाव त्यांना पण नवीन. हा माणूस कोण होता, कुठून आला, आणि त्याला पहिला का म्हणतात आणि का म्हणत नाहीत, हे कोणीतरी सांगा. भाच्याला मी शब्द दिलाय.

---

जुना रिंगसाईड

मामा, छान प्रश्न विचारलात. हे नाव आपल्याकडे पोचलंच नाही, आपल्याकडे पोचलं ते डायरेक्ट ऐंशी नव्वदच्या टीव्हीवरचं, त्यामुळे त्याआधीची सगळी माणसं आपल्या नजरेआडच राहिली.

बोबो ब्राझील हे खरं नाव नव्हे. खरं नाव ह्यूस्टन हॅरिस. जन्म १९२४ चा, आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. वडील लहानपणीच गेले, पुढे मिशिगन राज्यात बेंटन हार्बर म्हणून गाव आहे, मोठ्या तळ्याकाठचं, सगळीकडे फळबागा, तिथे तो राहिला, बागेत फळं तोडायची कामं केली, बेसबॉल खेळला. साडेसहा फूट उंची आणि अंगापिंडाने दणकट. तिथे जो सवोल्डी नावाच्या पैलवानाची त्याच्यावर नजर पडली. सवोल्डी स्वतः आधी नोत्र दाम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू, नंतर कुस्तीत आलेला, त्याने ह्याला शिकवलं.

सुरुवातीला ब्लॅक पँथर म्हणून उतरवला, मग ठरलं की ह्याला दक्षिण अमेरिकेतला राक्षस बनवू, नाव बुबू ब्राझील. जाहिरात छापताना बुबूचं बोबो झालं आणि ती छपाईची चूक माणसाला आयुष्यभर चिकटली. म्हणजे बघा, आर्कान्साचा पोरगा, त्याच देशात जन्मलेला, पण लोकांसमोर उभा करायचा तर परदेशी करून. मला ही गोष्ट फार लागते.

तेव्हाची पद्धत अशी होती की काळ्या पैलवानाची जोड काळ्याशीच लावायची. कितीतरी ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळा किताबच होता, कलर्ड हेवीवेट चॅम्पियन म्हणून, म्हणजे तुम्ही तुमच्यात काय ते चॅम्पियन व्हा, आमच्या पट्ट्याकडे बघू नका. ब्राझीलच्या पण सुरुवातीला हेच झालं. पण झालं काय, की लोकांना हा माणूस आवडायला लागला, फक्त काळ्या नाही गोऱ्या पब्लिकला पण. आणि लोकांना त्याला खरोखरच्या व्हिलनांशी लढताना बघायचं होतं. किलर कोवाल्स्की, डिक द ब्रुझर, जॉनी व्हॅलेंटाईन, ही त्या काळातली दांडगी नावं, त्या सगळ्यांशी तो लढला. डाव एकच प्रसिद्ध, कोको बट, म्हणजे समोरच्याचं डोकं धरून स्वतःच्या कपाळाची टक्कर. ती बसली की हॉल उभा राहायचा.

पण सगळ्यात मोठं वैर शेखशी, डेट्रॉईटचा द शेख. हा शेख म्हणजे एड फरहात, मिशिगनमध्येच जन्मलेला, लेबनीज आईबापाचा मुलगा, त्याला बिचाऱ्याला अरबस्तानातला वेडा बनवून उतरवलं होतं. डेट्रॉईटच्या कोबो अरीनामध्ये ह्या दोघांच्या कुस्त्या वर्षानुवर्षं चालल्या, पन्नासच्या दशकात सुरू झालेलं वैर सत्तरच्या दशकापर्यंत आलं, तरी माणसं तिकीट काढून येतच होती. आपल्या बाबांना सांगा, दारासिंग आणि किंगकाँग जसे एकमेकांशिवाय अर्धे वाटायचे तसंच हे दोघं.

जपानलाही गेला. १९६८ च्या जूनमध्ये जायंट बाबाला हरवून तिथला इंटरनॅशनल किताब घेतला, दोनच दिवसांत बाबाने परत घेतला. १९७० ला अटलांटात त्याने आणि एल मंगोलने मिळून जी टॅग, म्हणजे दोघांविरुद्ध दोघांची, कुस्ती केली ती त्या शहरातली पहिली मिश्र वर्णाची कुस्ती म्हणून नोंदलेली आहे. १९७० म्हणजे बघा, माणूस चंद्रावर जाऊन आलेला होता तेव्हा.

रिंगमध्ये चाळीसेक वर्षं काढली, १९९३ ला थांबला. १९९४ ला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, हॉल ऑफ फेममध्ये घेतला, आणि त्याला आत घेणारा होता अर्नी लॅड. हा लॅड सुद्धा साधा माणूस नाही, आधी सॅन डिएगोचा फुटबॉलपटू, १९६५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या खेळाडूंना टॅक्सी, हॉटेल, क्लबमध्ये वाईट वागणूक मिळाली म्हणून ज्यांनी ऑल स्टार सामन्यावर बहिष्कार टाकला त्यातला एक. ब्राझील जानेवारी १९९८ मध्ये गेला, ७३ वर्षांचा होऊन, त्याच मिशिगनमध्ये, घराजवळ. बेंटन हार्बरमध्ये त्याचं स्वतःचं खानावळीसारखं रेस्टॉरंट होतं, सहा मुलं होती.

आता तुमचा मुख्य प्रश्न. १९६२ साल, न्यू जर्सीतलं नेवार्क. समोर बडी रॉजर्स, एनडब्ल्यूए म्हणजे तिथल्या प्रमोटरांच्या मोठ्या संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन, पिवळ्या केसांचा, तोऱ्यात चालणारा. ब्राझीलने त्याला हरवला. पण रॉजर्स म्हणाला माझ्या जांघेत आधीच दुखापत होती, मी धड लढलोच नाही. तेव्हा ब्राझीलने सांगितलं असा पट्टा मला नको. नंतर डॉक्टरांनी तपासलं, काही दुखापत निघाली नाही, मग पट्टा ब्राझीलला दिला, आणि ३० ऑक्टोबरला टोरंटोत रॉजर्सने तो परत जिंकला. एनडब्ल्यूए च्या अधिकृत यादीत मात्र हे कधीच चढलं नाही. त्यांच्या लेखी ब्राझील चॅम्पियन झालाच नाही.

बेअरकॅट राईटचं वेगळं. खरं नाव एडवर्ड राईट, नेब्रास्काच्या ओमाहाचा, बाप मुष्टियोद्धा, स्वतः पण आधी बॉक्सिंग केलेलं. ऑगस्ट १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने फ्रेडी ब्लासीला हरवून डब्ल्यूडब्ल्यूए चा वर्ल्ड किताब घेतला आणि तो किताब नोंदीत आहे. फक्त ती संघटना कॅलिफोर्नियापुरती. ब्राझीलनेही पुढे साठच्या दशकातच तो किताब दोनदा मिळवला. आणि रॉन सिमन्सने २ ऑगस्ट १९९२ ला बाल्टिमोरमध्ये व्हेडरला हरवलं, डब्ल्यूसीडब्ल्यू चा किताब, देशभर टीव्हीवर दिसणारी कंपनी, त्यात कोणालाही हरकत घ्यायला जागा नाही. म्हणून तीन उत्तरं.

---

मातीवाला

रिंगसाईड काका, माहिती एक नंबर, पण मला मनापासून एक विचारायचंय, राग मानू नका. मी लहानपणी सहा वर्षं तालमीत काढलीत, पहाटे उठून माती खणायची, जोर बैठका, लंगोट घट्ट बांधून उभं राहायचं. आमच्या वस्तादांना ही टीव्हीवरची कुस्ती अजिबात चालायची नाही, नुरा कुस्ती म्हणायचे सरळ. सगळंच आधी ठरलेलं असतं, कोण जिंकणार, कोण पडणार, दुखापतीचं नाटक पण ठरलेलं. मग ब्राझीलने पट्टा नाकारला हे पण कोणीतरी लिहून दिलेलंच ना? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते कोणी लिहून दिलेलं नव्हतं. ठरवून जिंकलेल्या कुस्तीत पहिला कोण ह्याला किंमत काय, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

---

वाचनवेडी गिरगाव

मातीवाला दादा, तुमचा मुद्दा अगदी बरोबर जागेवरचा आहे, आणि मला वाटतं मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

हो, ठरलेलंच असायचं. पण कोणी ठरवायचं? प्रमोटर लोकांनी, म्हणजे कुस्त्या भरवणाऱ्यांनी, एका खोलीत बसून. म्हणजे पट्टा हा ताकदीचा निकाल नव्हताच, तो त्या खोलीचा निकाल होता. आणि म्हणूनच त्या खोलीने इतकी वर्षं काय ठरवलं नाही हे जास्त बोलकं आहे. पैलवान पडला तर म्हणता येतं समोरचा भारी होता. इथे तर चॅम्पियन करायला फक्त तोंडाने हो म्हणायचं होतं, तेवढंही त्यांना जड गेलं. नेवार्कची ती गोष्ट तशीच बघा. काळ्या हिरोला जिंकवायचा म्हणजे पब्लिक खूश, तिकिटं खपणार. पण पट्टा घरी न्यायला द्यायचा नाही, म्हणून मध्ये दुखापत घातली, त्याला मोठ्या मनाचा दाखवला आणि यादी जशीच्या तशी ठेवली. मला तर ह्यात त्यांची पूर्ण हिशेबी भीती दिसते.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या, पालवणकर बाळू. चांभार समाजातले, पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबवर मैदानाची कामं करत करत नेटमध्ये बॉलिंग टाकायचे, तिथून हिंदूंच्या संघात आले. पुण्यात चहा वेगळ्या मातीच्या कपात, पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराच्या वर विकेट घेतल्या. विकेट कोणी ठरवून देत नाही, दादा, त्या घ्याव्या लागतात. पण कॅप्टन? कॅप्टन खोलीत ठरतो. बाळूंना ते कधीच मिळालं नाही, त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ ला कॅप्टन झाले तेव्हा कुठे ते दार उघडलं. बाबासाहेबांना तरुणपणी ह्या माणसाचा अभिमान वाटायचा तो उगाच नाही. तर ब्राझीलचा पट्टा म्हणजे विकेट नव्हे, कॅप्टनशिप. असं बघितलं की पहिला कोण ह्या प्रश्नाला किंमत येते.

आणि खोलीबाहेर एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, ती म्हणजे गेट. तिकीट कोण काढतं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं एक सांगते. तिथल्या एलिस ऑडिटोरियममध्ये काळ्या प्रेक्षकांना वर बाल्कनीत कोंबायचे, खाली रिंगजवळ जागा रिकाम्या असल्या तरी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिथे स्पुटनिक मन्रो म्हणून एक पैलवान होता, गोरा, काळ्या केसांत पांढरी बट, रिंगमध्ये चक्क व्हिलन. हा बील स्ट्रीटवर काळ्या वस्तीत जाऊन बसायचा, त्यांच्याबरोबर प्यायचा, पोलिसांनी पकडलं तर कोर्टात काळा वकील उभा करायचा. काळे प्रेक्षक त्याच्यासाठी तोबा गर्दी करायला लागले, बाल्कनी भरून बाहेर लोक परत जायला लागले. तेव्हा ह्याने सांगितलं, त्यांना हवं तिथे बसू द्या नाहीतर मी लढत नाही. आणि प्रमोटरने बसू दिलं. त्याला काही माणुसकीचा उमाळा आला नव्हता, परत जाणाऱ्या माणसांबरोबर पैसे परत जाताना दिसत होते म्हणून. वेगळा पाणवठा, वेगळी पंगत, वेगळा कप हे ज्यांच्या घरात आजी आजोबांनी सोसलंय त्यांना ही बाल्कनी लगेच कळेल.

अजून एक, सगळे पुरुषांचंच बोलताय म्हणून. १९५० च्या आसपास बॅब्स विंगो, एथेल जॉन्सन आणि मार्व्हा स्कॉट ह्या तिघी सख्ख्या बहिणी रिंगमध्ये उतरल्या, ओहायोतल्या कोलंबसच्या. काळ्या आणि वर बायका, म्हणजे दोन दारं बंद. एथेलची ड्रॉपकिक, म्हणजे उडी मारून दोन्ही पायांची लाथ, बघण्यासारखी होती म्हणतात. ती १९७६ पर्यंत लढली, २०१८ ला गेली आणि डब्ल्यूडब्ल्यूईने तिचं नाव हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०२१ ला. तीन वर्षं आधी घेतलं असतं तर तिला स्वतःच्या कानाने ऐकता आलं असतं. मामा, भाच्याला ही नावं पण सांगा.

---

मातीवाला

ताई, बाळूंचं उदाहरण दिलंत आणि एकदम डोक्यात शिरलं. मी बाळूंबद्दल ऐकलं होतं पण दोन गोष्टी अशा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. मान्य. तरी माझ्या मनात एक राहतंच, ह्या लोकांमध्ये खरी कुस्ती येणारा, म्हणजे खरोखर धरलं तर सुटणार नाही असा कोणी काळा पैलवान होता का? की सगळे अंगापिंडावरच घेतलेले?

---

जुना रिंगसाईड

होता, आणि तुमच्यासाठी अगदी बरोबर माणूस. लुथर लिंडसे. ब्राझीलइतकं नाव झालं नाही पण जाणकार लोक आधी ह्याचं नाव घेतात. कॅनडात कॅलगरीला स्टू हार्टचं घर होतं, ब्रेट हार्टचे वडील, त्या घराच्या तळघरात त्यांची तालीमच होती, डंजन म्हणायचे. तिथे स्टू नवीन पोरांना धरून अशी काही पिळायचा की वरच्या मजल्यावर किंचाळ्या ऐकू यायच्या. त्या तळघरात स्टूला भारी पडलेला माणूस म्हणून लिंडसेचं नाव घेतात. आणि हा स्टू हार्ट, इतके पैलवान हाताखालून गेलेला, मरेपर्यंत पाकिटात लिंडसेचा फोटो ठेवायचा. तुमच्या वस्तादांनी एखाद्या शिष्याचा फोटो तालमीत हनुमानाच्या शेजारी लावावा तसं आहे हे.

आता मुंबईचा धागा. लू थेस नाव माहीत असेलच, अनेक वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, आणि ह्याला खरी कुस्ती यायची, पोटभर यायची. हाच थेस १९६८ ला आपल्या मुंबईत दारासिंगशी लढला आणि दारासिंगने त्याला हरवून वर्ल्ड किताब घेतला. मामा, तुमच्या बाबांना विचारा आठवतंय का. तर हा थेस पन्नासच्या दशकात चॅम्पियन असताना लिंडसेशी किताबासाठी लढला, एकदा नाही बऱ्याचदा, तेही अशा काळात जेव्हा बऱ्याच गावांत गोरा आणि काळा एका रिंगमध्ये चालत नव्हते. लिंडसेला किताब मिळाला नाही. पण थेससारख्या माणसाला समोर लिंडसे चालायचा ह्यातच काय ते आलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये शार्लटला कुस्ती चालू असतानाच लिंडसेला हार्ट अटॅक आला आणि तो रिंगमध्येच गेला. पन्नाशी पण झाली नव्हती.

मजा बघा, म्हणजे योगायोग म्हणू, जानेवारी १९६३ मध्ये टोरंटोत रॉजर्सकडून किताब घेणारा पण हाच थेस. तिथे न्यूयॉर्कचे प्रमोटर रुसून वेगळे झाले आणि आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं बी तिथे पडलं. ब्राझीलच्या नेवार्कच्या कुस्तीनंतर काही महिन्यांतच.

---

ट्रम्पकार्ड नव्वद

मी ह्या विषयावर थोडं वेगळं लिहितो. आमचं बालपण म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक, शाळेच्या बाकाखाली खेळायचो. आणि चाळीत केबल ज्यांच्याकडे त्यांच्या घरी सगळी पोरं. तेव्हा कमाला यायचा, आठवतोय का कोणाला? युगांडाचा राक्षस म्हणून. पोटावर चंद्र आणि तारे रंगवलेले, तोंडाला मुखवटा, हातात भाला, बरोबर एक टोपीवाला हँडलर, जणू काही प्राणी आणलाय. आम्ही पोरं चाळीच्या गॅलरीत पोटावर खडू फासून कमाला कमाला खेळायचो.

मोठं झाल्यावर वाचलं, त्याचं नाव जेम्स हॅरिस, गाव मिसिसिपीतलं, युगांडाशी काही संबंध नाही, शांत माणूस, ट्रक चालवायचा. पुढे मधुमेहाने दोन्ही पाय कापावे लागले, २०२० ला कोरोनात गेला. तेव्हापासून ते खडूचं पोट आठवलं की मला कसंतरी होतं. आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं की हे एका माणसाला जनावर करून दाखवतायत.

म्हणून रिंगसाईड काकांनी वर बुबूचं लिहिलं ते वाचून थांबलो. ब्राझीललाही खोटा देश दिलाच होता. डोक्याने टक्कर मारायचा डाव पण काळ्या पैलवानांना मुद्दाम द्यायचे, ह्यांची कवटी जाड असते म्हणून. तरी त्या सगळ्यातून हा माणूस रिंगमध्ये हिरो म्हणून आला, सरळ उभा राहिला, आणि लहान पोरं, गोरी सुद्धा, त्याची सही घ्यायला यायची. कमाला तीस वर्षांनंतरचा आहे. म्हणजे काळ पुढे गेला की आपोआप सुधारतं असं काही नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

ऐंशी सालात न्यू ऑर्लिन्सला जंकयार्ड डॉग होता, सिल्व्हेस्टर रिटर, त्याचं पण सांगायला हवं. नाव बघा, डॉग, गळ्यात साखळी. पण त्या गावात तो देव होता. एका कुस्तीत व्हिलन लोकांनी त्याचे डोळे गेल्याचं दाखवलं होतं, त्यानंतर सुपरडोममध्ये मायकल हेजशी त्याची बदल्याची कुस्ती लागली, १९८० चा ऑगस्ट, हजारोंनी माणसं आली. तिथला प्रमोटर बिल वॉट्स. आणि हाच बिल वॉट्स १९९२ ला डब्ल्यूसीडब्ल्यू चालवत होता जेव्हा रॉन सिमन्सला चॅम्पियन केला. त्याला अनुभवाने माहीत होतं की काळा हिरो पुढे केला तर गेट भरतं. ताई म्हणाल्या तसंच, खोलीतल्या माणसाला आधी गेट दिसलं.

सिमन्सची ती कुस्ती शोधून बघा मामा, भाच्याला दाखवा. त्या दिवशी स्टिंग नावाचा पैलवान लढणार होता, तो जखमी म्हणून दाखवला आणि चिठ्ठी काढून सिमन्सचं नाव आलं. शेवटी पंच एक दोन तीन मोजतो तेव्हा पब्लिक उडतं, आणि कॅमेरा फिरतो तेव्हा काळी मुलं, बायका, मोठी माणसं रडताना दिसतात. मातीवाला दादा, ते रडणं कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

---

मातीवाला

आत्ताच बघितली. दोनदा. त्या गर्दीत एक लहान मुलगा आहे, त्याचं तोंड बघून मला पुढचं काही बघवलं नाही.

---

शिवडीचा मामा

सगळ्यांचे आभार, किती किती लिहिलंत तुम्ही. काल रात्री भाच्याला आणि बाबांना समोर बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, दीड तास गेला, बहीण दोनदा ओरडून गेली की उद्या शाळा आहे.

भाच्याने वहीत असं लिहून घेतलंय: ब्राझील १९६२, जिंकला पण यादीत घेतला नाही. राईट १९६३, यादीत आहे पण एका राज्यापुरता. सिमन्स १९९२, सगळ्यांनी मानला. आणि खाली स्वतःहून लिहिलं, कोफी किंग्स्टन २०१९, घानात जन्मलेला, खरा आफ्रिकेतला, त्याला कोणी भाला दिला नाही. हे शेवटचं वाक्य त्याचं आहे, कमालाचं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला होता.

बाळूंचं वाचलं तेव्हा बाबा मध्येच बोलले. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना लहानपणी जिमखान्यासमोरून जाताना दाखवलं होतं म्हणे, की इथे आपला माणूस खेळायचा. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पन्नास वर्षांचा झालो, बाबांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि लू थेस त्यांना आठवतो! दारासिंगची कुस्ती त्यांना बघायला मिळाली नाही, तिकिटाचे पैसे जमले नाहीत, पण नाव आठवतं, गिरणीत खात्यात दुसऱ्या दिवशी दुसरं काही बोलणंच नव्हतं म्हणाले. आता त्यांना लिंडसे बघायचाय, आणि ब्राझीलची शेखबरोबरची एखादी कुस्ती. रिंगसाईड काका, कोबो अरीनामधलं एखादं बऱ्यापैकी स्वच्छ रेकॉर्डिंग माहीत असेल तर सांगाल का? आवाज मोठा असलेलं सांगा, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, आणि पब्लिकचा आवाज ऐकल्याशिवाय कुस्ती बघितल्यासारखं वाटत नाही म्हणतात.